नवी डर्ट बाईक आणि पहिली कच्ची वाट : नागपूरजवळ सुरुवात कशी करावी?

बरडवाट (शुक्रवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही घरी आली. त्याआधी सलग अकरा वर्षे मी एक १०० सीसीची साधी गाडी धरमपेठेतून बुटीबोरीला कामावर जाण्यासाठी रोज चालवली, त्यामुळे गाडी चालवण्याचा सराव भरपूर आहे, परंतु तो सगळा डांबरावरचा आहे. कच्च्या वाटेवर मुद्दाम गाडी घालण्याची ही पहिलीच वेळ असेल.

गाडीचे आकडे मला आता पाठ झाले आहेत. पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ इंचांचे, दोन्ही स्पोकची. गाडीचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. पुढच्या शॉकअपची हालचाल १९० आणि मागच्याची १७० मिलिमीटर. हे सर्व वाचून मन सुखावते, पण गाडीचे वजन १६० किलोच्या आसपास आहे आणि सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे. माझी उंची पाच फूट पाच इंच असल्यामुळे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, चवडे तेवढे टेकतात. सिग्नलवर त्याने काही बिघडत नाही, मात्र उतारावर किंवा दगडांत काय होईल, याची धास्ती वाटते.

रविवारचा बेत असा आहे. सकाळी वाडीवरून अमरावती रस्त्याने निघायचे, गोंडखैरीच्या पुढे डावी-उजवीकडे जी पहिली बरी पांदण दिसेल ती धरायची आणि आतल्या आत काटोलच्या दिशेने जाऊन दुपारपर्यंत परत यायचे. बाजारगावच्या अलीकडे माझ्या मामांचे सहा एकर बरड, म्हणजे मुरमाड जमीन आहे. त्यातले दोन एकर पडीत आहे आणि शेजारून एक नाला जातो, तिथे वाटेत थांबता येईल. सोबत कोणी मिळेल असे वाटत नाही.

गाडी आतापर्यंत १४० किलोमीटर चालली आहे. पहिली सर्व्हिसिंग व्हायची आहे, ती होईपर्यंत थांबावे का? टायरमध्ये हवा किती ठेवावी? आणि निघण्यापूर्वी गाडीत काय काय तपासावे? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

स्पोक_आणि_पाना (शुक्रवार, रात्री १०.५५)

अभिनंदन. तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरे देतो, परंतु क्रम बदलतो, कारण तपासणी आधी महत्त्वाची आहे.

सर्वांत आधी चेन पाहा. नव्या गाडीची चेन अनेकदा जरुरीपेक्षा ताणलेली मिळते, आणि डांबरावर ते कळतही नाही. मागचे चाक खड्ड्यातून वर उचलले जाते तेव्हा पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र), मागची कैची (मागचे चाक धरणारा सांगाडा) जिथे फिरते तो बिंदू आणि चाकाचा ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात. त्या क्षणी चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. उभ्या गाडीची चेन आधीच ताठ असेल तर त्या वेळी सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर जातो. म्हणून गाडी सरळ उभी धरून मागे दोन माणसांना जोर देऊन बसवा आणि चेन खालून बोटाने उचलून पाहा. त्या अवस्थेतही तिला थोडी ढील राहिली पाहिजे. गाडीच्या पुस्तिकेत ढिलाईचे माप दिलेले असते, त्यातल्या सैल बाजूच्या आकड्याजवळ राहा.

त्यानंतर स्पोक. चाक वर उचलून हळूहळू फिरवा आणि लहान पान्याने एकेका स्पोकवर टिचकी मारत जा. ताणलेला स्पोक टणक वाजतो, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. नवे स्पोक पहिल्या दणक्यांनंतर आपल्या जागी बसतात आणि थोडे सैल पडतात. हा दोष नव्हे, तारेच्या चाकाचा स्वभाव आहे. त्यामुळे फेरी संपल्यावर ही तपासणी पुन्हा करावी लागेल.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर ज्या क्लॅम्पने हँडलला धरलेले असतात, त्याचे बोल्ट करकचून आवळू नका. हाताने जोर लावला तर क्लॅम्प फिरला पाहिजे, एरवी हलता कामा नये. गाडी पडली की घट्ट लिव्हर तुटतो, आणि असा ठेवलेला लिव्हर नुसता फिरून वाचतो. दोन्ही लिव्हर थोडे खाली झुकवून ठेवा, म्हणजे उभे राहून चालवताना मनगट वाकडे होणार नाही.

हवेबद्दल सांगायचे तर, इंटरनेटवर १२-१५ पीएसआयचे (हवेच्या दाबाचे एकक) सल्ले दिसतील, ते तुमच्यासाठी नाहीत. तुमच्या टायरमध्ये ट्यूब आहे. हवा फार कमी केली तर दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. शिवाय टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. पहिल्या दिवशी पुढे २० आणि मागे २२ ठेवा. परत डांबरावर येण्यापूर्वी हवा भरावी लागेल, म्हणून पायाने चालवायचा पंप आणि हवा मोजायचे मीटर सोबत असू द्या.

सर्व्हिसिंगसाठी थांबण्याची गरज नाही, पण इंजिन नवे आहे, याची जाण ठेवा. सलग पूर्ण थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) नको, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन अडखळत खेचणेही नको. एबीएसचे (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मोड असलेले मॉडेल असेल तर ‘ऑफ-रोड’ मोड निवडा. ‘रॅली’ मोडमध्ये एबीएस पूर्ण बंद होते. ते इतक्यात नको.

संत्राबाग (शनिवार, सकाळी ६.२०)

मी गाडीतला जाणकार नाही. काटोल तालुक्यात माझे शेत आहे; संत्रा, कपाशी आणि तूर. ‘जी पहिली बरी पांदण दिसेल ती धरायची’ हे वाक्य वाचले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही.

भाऊ, पांदण ही मोकळी पडलेली वाट नसते. सध्या आमच्याकडे वेचणी सुरू आहे. पांदणीच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला आहे, आणि वेगात गेलेल्या एका गाडीची धूळ कडेच्या दोन-तीन ओळींवर बसते. मळलेल्या कापसाला भाव कमी मिळतो. वेचायला येणाऱ्या बाया सकाळी त्याच वाटेने डोक्यावर गाठोडी घेऊन येतात, बैलबंडी येते, संत्र्याचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर येतो. पांदण इतकी अरुंद असते की बंडी आणि मोटारसायकल एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. कोणाला तरी मागे यावे लागते, आणि बैल मागे येत नाहीत. अनोळखी आवाजाने ते बुजतात ते वेगळेच.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. आमच्या भागात अजूनही कठडा नसलेल्या विहिरी आहेत. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे गवत कमरेइतके वाढलेले असते आणि विहिरीचे तोंड दहा फुटांवरूनही दिसत नाही. जमीन माहीत नसलेल्या माणसाने धुरा ओलांडून गाडी घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे रानडुकरांसाठी लावलेल्या तारा. काही जण कुंपणाच्या तारेत रात्री वीजप्रवाह सोडतात. हे बेकायदा आहे आणि त्याने माणसेही दगावली आहेत, तरी ते थांबलेले नाही. पहाटे प्रवाह बंद केला असेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तारेला गाडी किंवा हात लागू देऊ नका.

तुमच्या मामांचे दोन एकर पडीत आहे म्हणता, तर दुसरीकडे जाता कशाला? आधी ते पायी फिरून पाहा.

हिंगणा_रोडची_ताई (शनिवार, सकाळी ११.१५)

संत्राबाग दादांनी जे लिहिले आहे, त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे आणि त्यापुढे मी इतकेच म्हणेन की, काटोलपर्यंत जाण्याचा बेत रद्दच करा. मी सहा वर्षांपासून मोहगाव झिलपीच्या परिसरात आणि हिंगण्याच्या पुढच्या मुरमाड टेकड्यांवर चालवते आहे. पहिल्या दिवशी लांब जाणारा माणूस दमतो, दमलेला माणूस बसून चालवतो आणि बसून चालवणारा पडतो. शिवाय तो घरापासून दूर पडतो.

दोन एकर म्हणजे जवळपास ८,००० चौरस मीटर जागा. साधारण ९० मीटर लांब आणि तितकेच रुंद असे मैदान तुम्हाला हक्काचे मिळते आहे. नागपुरात शिकायला धडपडणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या नशिबी हे असते. तिथे तीन तास घालवा. पहिला अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, फूटरेस्टवर उभे राहून. वजन पायांवर, गुडघ्यांनी टाकी हलकी धरलेली, कोपरे बाहेर, हँडलवर फक्त बोटांचा भार. हँडल आवळून धरले की पुढच्या चाकाला बसलेला प्रत्येक दगड तुमच्या खांद्यापर्यंत येतो आणि गाडी तुमच्याच हातांमुळे भरकटते. पुढचे चाक मुरमावर थोडे हलणारच, त्याला हलू द्या. डोळे चाकासमोर नकोत. दहा-पंधरा मीटर पुढे पाहा. जिथे नजर जाते तिथे गाडी जाते, हे दगडांच्या बाबतीत तर तंतोतंत खरे आहे.

मग वळणे. डांबरावर आपण गाडीसोबत आत झुकतो. मुरमावर तसे केले तर टायर खालून निसटतो. इथे गाडीला आत झुकवायचे, आणि आपले शरीर सरळ किंवा किंचित बाहेर ठेवून बाहेरच्या फूटरेस्टवर वजन द्यायचे. दोन दगड सात-आठ मीटर अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. कंटाळा येईपर्यंत काढा, आणि कंटाळा आल्यावर उलट्या दिशेने काढा.

शेवटी ब्रेक. वीसच्या वेगाने येऊन आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. पुढच्या ब्रेकवर एक किंवा दोनच बोटे. पुढचे चाक कुठे अडकते, हे सरळ रेषेत आणि हळू वेगात एकदा हाताला कळले की आयुष्यभर लक्षात राहते.

उंचीची काळजी करू नका. मी पाच फूट एक इंच आहे. दोन्ही पाय टेकवण्याचा हट्ट सोडायचा, थांबण्यापूर्वीच कंबर एका बाजूला सरकवायची आणि एकच पाय पूर्ण टेकवायचा. कोणता पाय, हे थांबण्याच्या आधी जमीन पाहून ठरवायचे. उतार ज्या बाजूला पडतो त्या बाजूचा पाय हवेतच राहतो.

हेल्मेटखेरीज घोट्याच्या बऱ्याच वर येणारे कडक बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड आणि ग्लोव्ह्ज. पैशांची ओढाताण असेल तर बुटांवर आधी खर्च करा, कारण गाडी पडते तेव्हा बहुधा पायावर पडते. एकटे मुळीच जाऊ नका. गाडी चालवणारा सोबती नसेल तर न चालवणारा माणूस चालेल, पण हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवे.

गोंडवन (शनिवार, दुपारी १.०५)

एक आवश्यक सूचना. काटोल-कोंढाळी भागात खासगी शेत कुठे संपते आणि वनजमीन कुठे सुरू होते, हे डोळ्यांना दिसत नाही. कोंढाळीच्या दक्षिणेकडची जंगले बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला जातात आणि वाघ त्या प्रकल्पाच्या सीमेतच राहतो असे नाही. राखीव वनात परवानगीवाचून वाहन घालणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्प असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूची वाट पाहून अनेकांना मोह होतो, तोही आवरावा. त्याचप्रमाणे वाडीच्या आसपास संरक्षण खात्याच्या जागा आहेत; तिथल्या कुंपणांच्या कडेने जाणाऱ्या पायवाटांवर गाडी घालू नये.

नवखा_कामठी (शनिवार, दुपारी ३.३०)

एक शंका विचारतो. ज्या डर्ट बाईकला दिवे आणि नंबरप्लेट नसते, ती घेऊन अशा शेतापर्यंत रस्त्याने जाता येते का?

गोंडवन (शनिवार, दुपारी ४.१०)

नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. कावासाकीची केएलएक्स ४५०आर यांसारख्या गाड्या आपल्याकडे बंदिस्त मैदानासाठीच विकल्या गेल्या. त्या पिकअपमध्ये घालूनच न्याव्या लागतात. धागाकर्त्यांच्या गाडीला ही अडचण नाही.

बरडवाट (रविवार, रात्री ८.५०)

सर्वांचे मनापासून आभार. काटोलचा बेत सोडला आणि मामांच्या पडीतातच सकाळ घालवली. तपशील मुद्दाम लांबवून लिहितो, कारण माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांना मागे बसवून चेन पाहिली. उभ्या गाडीत ती ठीक वाटत होती, पण मुले जोर देऊन बसल्यावर सतारीच्या तारेसारखी ताठ झाली. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडून सैल करून घेतली. हे कोणी सांगितले नसते तर मला कधीच समजले नसते.

सकाळी आठच्या सुमारास शेतावर पोहोचलो. मामा आधीच येऊन थांबले होते. त्यांनी मला गाडीवरून उतरवले आणि पूर्ण दोन एकर पायी फिरवले. पडीताच्या ईशान्य कोपऱ्यात एक जुनी, बुजत आलेली विहीर आहे, हे मला लहानपणापासून येऊनही ठाऊक नव्हते. तिच्याभोवती घाणेरीची झुडपे इतकी दाट आहेत की मी पाच पावलांवर उभा होतो आणि मामांनी हात धरून थांबवले. त्या बाजूला आम्ही काठ्या रोवून त्यांना लाल कापड बांधले, आणि मग मी हवा कमी केली.

पहिला अर्धा तास फार अवघड गेला. वरचा मुरूम सुटा आहे, ज्वारीच्या राशीवर चाक ठेवल्यासारखा तो टायरखाली सरकत होता. गाडी डावीकडे थोडी हलली की मी हँडल आवळत होतो आणि आवळले की ती अधिकच हलत होती. ताईंचे ‘फक्त बोटांचा भार’ हे शब्द मनात म्हणत राहिलो. साधारण विसाव्या फेरीत कधीतरी हात आपोआप सैल झाले, आणि त्याच क्षणी गाडी शांत झाली. पुढचे चाक खाली आपल्या मनाने इकडेतिकडे होत होते, परंतु मी मात्र सरळ जात होतो. तो अनुभव शब्दांत नीट सांगता येत नाही, पण त्यासाठी घेतलेली सगळी मेहनत सार्थ झाल्यासारखे वाटले.

दोनदा पडलो. पहिल्यांदा आठचा आकडा काढताना गाडी जवळजवळ थांबली आणि मी उताराच्या बाजूचा पाय टेकवायला गेलो; तिथे जमीनच नव्हती. क्लचचा लिव्हर जमिनीवर आपटला, क्लॅम्प फिरला आणि लिव्हर शाबूत राहिला. दुसऱ्यांदा पडलो ते नाल्यात. नाला कोरडा होता, रेती फक्त चार-पाच मीटर रुंद. मी घाबरून नेमका रेतीच्या मधोमध थ्रॉटल सोडला. त्यामुळे सगळे वजन पुढे आले, पुढचे चाक रुतले आणि गाडी आडवी झाली. मामांनी आणि मी मिळून उचलली. तीच रेती नंतर दुसऱ्या गिअरमध्ये, वजन थोडे मागे ठेवून आणि थ्रॉटल न सोडता तीन वेळा पार केली.

सर्वांत मोठी फजिती मात्र पडल्यामुळे झाली नाही. परतताना मामांच्या शेजाऱ्यांच्या ओलिताच्या वावराकडेने आलो. हरभऱ्याला पाणी सुरू होते, दांड (पाण्याचा पाट) फुटून पाणी वाटेवर आले होते आणि तेवढ्या जागेत काळी माती होती. जेमतेम वीस फूट ओल. पहिल्या दहा फुटांत माती टायरला चिकटली, पुढच्या पाच फुटांत ती मडगार्डच्या आतल्या बाजूला घट्ट बसली आणि पुढचे चाक फिरायचे थांबले. इंजिन सुरू, गिअर पडलेला, मागचे चाक जागेवर फिरते आहे आणि पुढचे जाम. तुऱ्हाटी (तुरीची वाळकी काडी) घेऊन दोघांनी माती उकरली, त्यात पाऊण तास गेला. मुरूम आणि काळी माती या दोन वेगळ्या दुनिया आहेत, हे शेतकऱ्याच्या भाच्याला गाडीने शिकवले. ज्यांची वाट आम्ही खराब केली, त्या शेजारकाकांना भेटून मी माफी मागितली आणि चाकोरी फावड्याने बुजवून दिली.

तीन तासांत गाडी फक्त अकरा किलोमीटर चालली. घरी आल्यावर स्पोक वाजवून पाहिले; मागच्या चाकाचे दोन आणि पुढचा एक बद्द वाजतो आहे. डाव्या पोटरीला सूज आहे, बूट नसते तर काय झाले असते, ते त्या बुटावरच्या ओरखड्याकडे पाहून समजते.

स्पोक_आणि_पाना (रविवार, रात्री ९.३०)

सैल स्पोक एका दमात आवळू नका. एका वेळी पाव फेरा, मग चाक फिरवून ते सरळ फिरते का ते पाहा. सवय नसेल तर मिस्त्रींना करू द्या. माती वाळण्यापूर्वी साध्या पाण्याने धुऊन काढा, पण सर्व्हिस सेंटरचा जोराच्या दाबाचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या मुळाशी मारू देऊ नका. पाणी आत जाते आणि ग्रीस बाहेर येते. चेन कोरडी झाल्यावरच तिला ल्यूब लावा. एअर फिल्टर काढून पाहा. मुरमाची धूळ बारीक असते, आणि ती इंजिनमध्ये गेल्यास नव्या पिस्टनचे नुकसान होते.

हिंगणा_रोडची_ताई (रविवार, रात्री ९.५५)

रेतीत तुम्ही परत गेलात, याचा मला सर्वांत जास्त आनंद झाला. पोटरीला बर्फ लावा आणि दोन दिवस विश्रांती घ्या. तुमच्या वर्णनात ब्रेकच्या सरावाचा उल्लेख दिसला नाही, तो राहिला का?

संत्राबाग (सोमवार, सकाळी ६.०५)

चाकोरी बुजवून दिलीत, हे वाचून बरे वाटले. आमच्याकडे वेचणी संक्रांतीच्या सुमारास आटोपते. तूर निघाली की आमच्या पांदणीवर वर्दळ कमी होते. त्या वेळी या, मी स्वतः बंडीने पुढे राहून वाट दाखवतो आणि विहिरीही दाखवतो. धूळ उडणार नाही इतक्या वेगाने मात्र यावे लागेल.

बरडवाट (सोमवार, रात्री ९.१०)

दादा, नक्की येईन, आणि बंडीच्या मागेच राहीन. ताई, ब्रेकचा सराव राहिला. तो पुढच्या रविवारी त्याच दोन एकरांत करायचा ठरवला आहे. मामांनी विहिरीभोवती काटेरी कुंपण घालायला माणूस लावला आहे, ते शनिवारपर्यंत होईल.